पांखरांचा हिवताप

हिवताप डांसांमुळें पसरतो हें आज सर्वांस ठाऊक आहे; परंतु त्याचा पूर्ण पुरावा प्रथम मिळाला तो पांखरांवरून, आणि तोहि आपल्याच देशांत. १८९८ सालीं कलकत्त्यास रोनाल्ड रॉस यांनीं रोगी पक्ष्यांचें रक्त प्यालेले डांस निरोगी पक्ष्यांवर सोडले, तेव्हां तेहि आजारी पडले.

याच रोगानें प्रशांत महासागरांतील हवाई बेटांवर मोठा अनर्थ केला. तेथें लक्षावधि वर्षांपूर्वीं आलेल्या फिंच-कुळांतील पांखरांपासून हनीक्रीपरच्या पन्नासांवर जाती झाल्या. कोणाची चोंच पोपटासारखी, तर कोणाची कोयत्यासारखी वांकडी. बेटांवर डांसच नव्हते, म्हणून या रोगाशीं झुंजण्याची शक्ति त्यांच्या अंगीं येण्यास कारणच पडलें नाहीं. पुढें १८२६ च्या सुमारास एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून डांसांच्या अळ्या मावी बेटावर उतरल्या.

सखल रानें पांखरांवांचून ओस कां पडलीं, याचा छडा रिचर्ड वॉर्नर यांनीं लाविला. डांस नसलेल्या लेसान बेटावरील फिंच त्यांनीं सखल भागांत आणून उघड्या पिंजऱ्यांत ठेविले; ते थोडक्याच दिवसांत मेले. प्रयोग कठोर खरा. पण त्यावांचून शत्रु ओळखूं आला नसता. १९६८ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. तांबड्या रंगाच्या इवी पक्ष्यास तर रोगी डांसाचा एकच दंश बहुधा प्राणघातक ठरतो.

सुमारें १५०० मीटरच्या वर थंडीमुळें डांसांच्या पोटांत जंतूंची वाढ नीट होत नाहीं. म्हणून उरलेलीं पांखरें डोंगरमाथ्यांवर तगलीं. मात्र रानडुकरें वृक्षनेच्याचीं खोडें पोखरतात, त्यांत पाणी सांचून डांस होतात. शिवाय हवा तापूं लागल्यानें डांस वर चढत आहेत. २०१९ सालीं मावीवर किविकिऊ पक्ष्यांस नव्या रानांत वसविण्याचा यत्न झाला, तेव्हां बहुतेक सारे याच रोगानें गेले.

एक गोष्ट मात्र उत्क्रांतीच्या अभ्यासकांस नवलाची वाटते. हवाईच्या मोठ्या बेटावर सखल भागांतील अमाकिही पक्षी रोग लागूनहि जगतात व पिलें वाढवितात. निवडीनें त्यांस ही शक्ति आली. परंतु ज्यांची संख्या अगदीं थोडी उरली, त्यांस इतका अवकाश कोठला? २०२३ सालीं हवाईच्या आठ पक्षिजाती नष्ट झाल्याचें अमेरिकन सरकारनें जाहीर केलें. त्याच वर्षीं मावीवर वोल्बाकिया नांवाचे निराळ्या जातीचे जंतु अंगीं असलेले नर डांस सोडण्यास आरंभ झाला. नर चावत नाहींत. आणि त्यांच्याशीं संग झालेल्या माद्यांचीं अंडीं उबत नाहींत.