अकरा वाजताचा राग

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, दुपारी गोड खाल्ल्याशिवाय माणसात आल्यासारखं वाटत नाही." मला हसूच आलं. आपल्या घरात हे कोण म्हणालं नाही ते सांग! आजी म्हणायची, मावशी म्हणते, आणि आई तर पर्समध्ये खडीसाखरेची पुडी असल्याशिवाय एसटीत पाय ठेवत नाही.

तुला आठवतं, आई रोज अकराच्या सुमारास चिडायची? भांडी आदळायची आणि आपण दोघी गुपचूप मागच्या पायरीवर जाऊन बसायचो. आपलंच काहीतरी चुकलं, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आता वाटतं, बिचारी भुकेली असायची. आपल्या सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर तिच्या वाट्याला काय, तर गोडमिट्ट चहा आणि दोन बिस्किटं. अशा खाण्यानं रक्तातली साखर भरकन चढते, तिला आवरायला इन्सुलिन कधीकधी जरा जास्तच धावतं, आणि दोन ते चार तासांत काहीजणांची साखर नको इतकी खाली येते. मग शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं. थरथरणारे हात, घाम, धडधड, तो बिनकारणाचा संताप, ही सगळी त्याची करणी. तेव्हा पेढा तोंडात टाकला की बरं वाटतं, पण पोटात दुसरं काही नसेल तर झोका पुन्हा वर जातो आणि पुन्हा खाली येतो.

म्हणून दुपारी चारची गोडाची ओढ मोडायची असेल तर बाराच्या ताटात बघ. तुझ्या डब्यात मला तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिसते, डाळ-उसळ कुठेच नाही. एक पोळी कमी कर आणि वाटीभर मटकी घाल, घट्ट वरण घाल, दही घे. डाळी-उसळींतली प्रथिनं आणि चोथा साखर हळूहळू रक्तात सोडतात. सकाळचा उपाशीपोटी चहा सोडायला मला सहा महिने लागले, खोटं कशाला सांगू? आता आधी मूठभर फुटाणे नाहीतर भाजलेले शेंगदाणे, मग चहा. त्यात साखर पाऊण चमचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. दोन-दोन चमच्यांचे तीन चहा झाले की तिथेच हिशेब पुरा, बिस्किटाचा पुडा अजून फोडायचाय! आणि हो, गूळ घालतेस म्हणून सुटलीस असं समजू नकोस. तोही बहुतेक साखरच.

गोड सोड असं मी मुळीच म्हणत नाही. मला स्वतःला जमलं नाही. कणकेच्या डब्यामागे माझी चॉकलेटची वडी असते, हे तुझ्या भाऊजींना अजून माहीत नाही, आणि तू सांगूही नकोस. पण मी ती जेवणावर खाते, रिकाम्या पोटी कधीच नाही. पुरणपोळी आपण कशी खातो बघ ना. वर तुपाची धार, सोबत कटाची आमटी, भात, कोशिंबीर. गोड ताटातच असायचं. दुपारी चारला कपाटासमोर उभं राहून खायचं गोड ही आपली भर.

पिल्लू शाळेतून आल्यावर चॉकलेटसाठी पाय आपटतं म्हणालीस ना, तर त्याच्याशी वाद घालू नकोस. आधी भाजणीचं थालीपीठ दह्याशी दे. मग मागितलं तर दे छोटासा तुकडा. बऱ्याचदा मागतच नाही. आणि तुझी संकष्टी! दिवसभर काही नाही, मग एकदम साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, बाई. उपास करायचाच तर मधे दूध, दाणे, दही घे, आणि भगरीबरोबर दाण्याची आमटी कर. बाप्पा रागवायचे नाहीत.

आता जरा गंभीर. आपल्याकडे कुणी दमलं, रडलं, कंटाळलं की सगळ्याला 'साखर कमी झाली' म्हणतात. थायरॉइड, रक्त कमी असणं, नुसती काळजी, यांनीही धडधड होते, गळून गेल्यासारखं वाटतं. लक्षणं असतानाच मोजलं तर खरं काय ते कळतं. घरचं यंत्र कमी आकड्यांना थोडं चुकतं, म्हणून असं वरचेवर होत असेल तर डॉक्टरांकडे जा, ते शिरेतल्या रक्तावरून खात्री करतील.

तुझ्या सासऱ्यांची गोष्ट वेगळी. ते मधुमेहाच्या गोळ्या घेतात, आणि त्यातल्या काही गोळ्यांनी जेवण चुकलं की साखर झपाट्यानं उतरते. ७० च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, तरी चढली नसेल तर पुन्हा तेवढीच. सावरले की पोळी-भाजी. तेव्हा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धानं साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि तडक दवाखाना. हे फ्रीजवर लिहून चिकटव, आजच.

आईला मी मागच्या आठवड्यात विचारलं, "तुला अकराला राग का यायचा गं?" ती म्हणाली, "मला? कधी?" मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही शाळेतून यायच्या आत मला जेवून घ्यायला लाज वाटायची."

भाजणी दळून ठेवलीय, रविवारी घेऊन येते. मागचा डबा धुऊन ठेव.