टर्बोचा दाब आणि घाटातली बस



गेल्या हिवाळ्यात नववी-दहावीची सहल महेश्वरला गेली होती. परतीच्या वाटेवर मानपूरच्या घाटात भाड्याची बस चढेना. मागे काळा धूर, पुढे चढ आणि पाठीमागे ट्रकांची रांग. अंधार पडेपर्यंत परतायचे ठरले होते. इंदूरला पोहोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांचे चेहरे आम्ही अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी बसमालकांचा निरोप आला : "मिस्त्रीने गाडी पाहिली. टर्बोचा दाब कमी पडतोय. रॉड थोडा आवळला की गाडी पळेल. पुढच्या सहलीला काळजी नको." आम्ही होकार देणारच होतो. पण ही गोष्ट दहावीच्या तासाला निघाली आणि एका मुलीने विचारले, "सर, रॉड आवळल्याने दाब का वाढतो? आणि असा सहज वाढवता येत होता, तर कंपनीनेच का नाही वाढवून दिला?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही बी.एस्सी. केली ती हिंदी माध्यमातून, आणि त्या पुस्तकांत टर्बोचार्जरचा उल्लेख दोन ओळींपलीकडे नव्हता. शेवटी पीथमपूरच्या एका वाहन कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याला गाठले. त्याने एक जुना टर्बो टेबलावर ठेवला आणि गुरुजींना शिकवले. तेच येथे देत आहोत.

इंजिनाची ताकद इंधनावर ठरते, पण इंधन जाळायला हवा लागते. जितकी हवा आत जाईल तितकेच इंधन नीट जळेल. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवून त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोची कल्पना. स्वित्झर्लंडचे अल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात विमानांना उंचावरची विरळ हवा पुरेना, तेव्हा तिचे महत्त्व पटले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी एक विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच डोंगरावर नेऊन चालवले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर २३० वर आले. टर्बो लावताच ३५६ मिळाली.

आता खरी अडचण. टर्बोने जास्त हवा भरली की इंजिन जास्त इंधन जाळते. जास्त जळले की जास्त गरम वायू बाहेर पडतात. ते टर्बोला आणखी जोरात फिरवतात, की आणखी हवा. हे चक्र स्वतःलाच वाढवत जाते. कॉलेजात याला आम्ही 'धनात्मक पुनर्निवेश' असे पाठ केले होते. कारखान्यात सगळे 'फीडबॅक' म्हणतात. मोटारींच्या टर्बोची चक्रे मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतात. अशा चक्राला कोणीतरी 'पुरे' म्हणणारा हवा.

तो 'पुरे' म्हणणारा भाग म्हणजे वेस्टगेट. टर्बाइनच्या आधी एक छोटी झडप असते. ती उघडली की काही वायू चक्राला न फिरवता बाजूच्या वाटेने निघून जातात. झडपेला एक रॉड जोडलेला, आणि रॉडच्या टोकाला डबीसारखा ॲक्च्युएटर. डबीत एक पडदा आणि एक स्प्रिंग. दाबलेल्या हवेच्या पाइपातून एक बारीक नळी या डबीत येते. दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेला की पडदा स्प्रिंगला रेटतो, रॉड सरकतो, झडप उघडते आणि टर्बोचा वेग आटोक्यात राहतो.

तुमच्यापैकी काहींना कुकरची शिट्टी आठवली असेल. आम्हालाही आठवली, पण आमच्या माजी विद्यार्थ्याने लगेच दुरुस्ती केली. कुकरची शिट्टी तयार झालेली वाफ सोडून देते. वेस्टगेट तयार झालेली हवा सोडत नाही. हवा दाबणाऱ्या चक्राचा जोरच कमी करते. कुकरच्या भाषेत सांगायचे तर शिट्टी होऊ न देता गॅस बारीक करणारा हात.

रॉड आवळून आखूड केला की स्प्रिंग आधीच दाबली जाते. मग झडप उशिरा उघडते आणि दाब वाढतो. दुसरी युक्ती त्या बारीक नळीत आहे. नळीतली थोडी हवा वाटेतच सोडून दिली, तर डबीला खरा दाब कळतच नाही. दाब दहा पौंड असताना तिला सात वाटतो. बाजारात मिळणारे 'बूस्ट कंट्रोलर' हेच करतात. कारखान्याने बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक झडपाही हेच करतात. फरक एवढाच की त्यांच्यामागे दाब मोजणारा सेन्सर आणि क्षणाक्षणाला हिशेब करणारा संगणक असतो. अलीकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत वेस्टगेटऐवजी टर्बाइनभोवतीची पातीच वळवून वायूंचा मारा कमी-जास्त करतात. हेतू तोच.

येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही नळी फाटली किंवा निसटली तर दाब कमी होत नाही, उलट वाढतो, कारण डबीला काही कळतच नाही आणि झडप बंदच राहते. दहा रुपयांची वाटणारी नळी इंजिन खाऊ शकते.

मग कंपनीने दाब जास्त का दिला नाही? हवा दाबली की तापते. तीस अंशांची हवा समुद्रसपाटीवर ०.७ बारने, म्हणजे सुमारे दहा पौंडांनी दाबली, तर टर्बोतून बाहेर पडताना ती शंभर अंशांच्या आसपास असते. म्हणूनच मध्ये इंटरकूलर लावतात. पेट्रोल इंजिनात फार दाब, फार उष्णता झाली की इंधन ठिणगीची वाट न पाहता पेटते. इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनला भोके पडू शकतात. डिझेलमध्ये हे ठोके तसे नसतात, पण सिलिंडरमधला दाब हेड गॅस्केटवर, बेअरिंगवर येतो आणि टर्बोचे चक्र आपल्या मर्यादेपलीकडे फिरते. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये ९९ टर्बो ही मोटार आणली, ती वेस्टगेटने दाब बांधून रोजच्या वापराला योग्य केलेली होती. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कंपनीने इंजिनाचे ठोके ऐकणारा सेन्सर बसवला. ठोका ऐकू आला की दाब आपोआप खाली. पेट्रोल हलके मिळाले तरी इंजिन वाचायचे. आम्हाला या सगळ्या इतिहासात हे सर्वांत आवडले. इंजिनाला स्वतःचे दुखणे सांगता आले.

आता आपली बस. आमच्या आग्रहावरून मालकांनी ती दुसऱ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. इंटरकूलरहून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाची क्लिप सैल होती आणि जोर पडला की हवा तेथून निसटत होती. हवा कमी, इंधन तितकेच, म्हणून काळा धूर. एअर फिल्टरही धुळीने भरलेला. टर्बो बिचारा आधीच गळणारा पाइप भरून काढायला जास्त फिरत होता. रॉड आवळला असता तर त्याला आणखी फिरावे लागले असते. आणि तो घाटात, पंचेचाळीस मुले आत असताना, तुटला असता तर काय, हा विचार आम्ही अर्धाच करून सोडून देतो. क्लिप बदलली, फिल्टर बदलला, गाडी चढू लागली. पहिल्या मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही. त्याला 'गाडी पळव' एवढेच सांगितले होते.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, यापुढे सहलीसाठी बस ठरवताना गाडीच्या टर्बोत, पंपात वा संगणकात कोणताही फेरफार केलेला नाही, असे मालकांकडून लेखी घ्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेतील फेरफारांना मर्यादा घालतेच. पण कागद आपल्या हाती असलेला बरा. तसेच घाट चढून आल्यावर चालक काकांनी इंजिन मिनिटभर रिकामे चालू ठेवले, तर मुलांनी घाई करू नये. तापलेल्या टर्बोला तेवढा वेळ तेल मिळावे लागते.

अकरावी-बारावीसाठी एक गणित. स्प्रिंगवाला साधा वेस्टगेट गेजवरचा दाब ०.७ बार राखतो. इंदूरला वातावरणाचा दाब ०.९५ बार धरा, लेहला ०.६५. दोन्ही ठिकाणी इंजिनात जाणाऱ्या हवेचा एकूण दाब किती? आणि लेहलाही इंदूरइतकाच एकूण दाब हवा असेल, तर टर्बोला हवा किती पट दाबावी लागेल? उत्तर आकड्यांसह, आणि त्याचा टर्बोच्या वेगावर काय परिणाम होईल ते दोन ओळींत लिहून, शनिवारपर्यंत प्रयोगशाळेत द्यावे. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने आपले उत्तर आधीच दिले आहे, आणि ते बरोबर आहे.