पंपाचे सील वारंवार का गळते?

प्रश्न : मांजरा नदीवर आमचा मोनोब्लॉक पंप आहे. मेकॅनिकल सील बदलले तरी पुन्हा गळते. सील बनावट असेल का?
– एक शेतकरी, कळंब

उत्तर : तशी शक्यता आहे, पण आधी पंप तपासा. सीलच्या दोन चकत्यांपैकी एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी स्थिर असते. त्यांच्यामधला पाण्याचा अतिशय पातळ थर वंगणाचे आणि गारव्याचे काम करतो. फूटव्हॉल्व्ह गळून पंप कोरडा फिरला की चकत्या तापतात. त्यावर गार पाणी आले की सिरॅमिकची चकती तडकते. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याची रेती मऊ कार्बनच्या चकतीवर चरे पाडते. अशा पाण्यासाठी दोन्ही चकत्या सिलिकॉन कार्बाइडच्या घ्या. मात्र कोरडे फिरणे त्यांनाही सोसत नाही.

शाफ्ट हाताने हलवून पाहा. खेळत असेल तर आधी बेअरिंग बदला. नवे सील बसवताना चकत्यांना बोट किंवा ग्रीस लावू नका.

सीलऐवजी ग्लँड दोरी असलेल्या पंपातून थेंब थेंब पाणी पडायलाच हवे; मेकॅनिकल सीलमधून धार लागता कामा नये. पंपात पाणी भरल्याशिवाय बटण दाबू नका.