आधी धवलेरी, मग इमारत

म्हाताऱ्यांसाठी आणि पोरांसाठी कलाकेंद्र काढताय, तर इमारतीचा नकाशा तूर्त गुंडाळून ठेवा. खोल्या किती, रंगमंच केवढा, कोनशिलेवर नाव कुणाचं, ते पुढे बघू. आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि डहाणू-तलासरीतला माणूस कोणत्या महिन्यात कुठे असतो ते त्यावर लिहा. भाताची झोडणी उरकली, दिवाळी सरली की पाडे ओस पडू लागतात. कुणी वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, कुणी बोटीवर. होळीला बरेच जण परततात, मग लग्नं, चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा, आणि पाऊस पडला की सगळे शेतात. दिवाळी ते होळी मागे कोण उरतं? म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेत असलेली पोरं. तुमचं कलाकेंद्र ज्यांच्यासाठी आहे, नेमकी तीच दोन वयं. म्हणून मोठं सत्र याच महिन्यांत धरा. जूनमध्ये थाटात उद्घाटन केलंत, तर मंत्री येतील, आजी येणार नाही. ती शेतात गेलेली असेल.

आता माणसं. वारली चित्र म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गंजाडचे जिव्या सोमा मशे येतात, आणि यायलाच हवेत. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, आणि २०१८ साली ते गेले. पण सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन या भागात फिरले, त्याआधी हे काम बायकांचं होतं. लग्नघरात सवाशिणी भिंत शेणाने सारवून गेरू लावायच्या, तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून चौक लिहायच्या, मधोमध पालघट देवी बसवायच्या. शेजारी धवलेरी गाणी म्हणायची. लग्न लावणारी हीच बाई, भटजीची गरज नसे. म्हणून केंद्राची पहिली नेमणूक धवलेरीची करा. चित्रकलेचा मास्तर नंतर. रेघ शिकवणारे आज पुष्कळ मिळतात, यूट्यूबवरही मिळतात. कोणत्या रेघेला कोणतं गाणं जोडलेलं आहे हे सांगणाऱ्या बायका मात्र दरवर्षी कमी होत चालल्यात.

धवलेरीला बोलवाल तेव्हा ‘आजी, जरा चौक काढून दाखवा’ असं पाहुण्यांसमोर म्हणू नका. चौक हा विधी आहे, तो कुठे आणि कधी काढायचा हे तिलाच ठरवू द्या. लग्नाच्या दिवसांत तर वर्गच बंद ठेवा आणि पोरांना तिच्या मागे मांडवात धाडा. तिथे पिठाची वाटी धरायला बसलेली मुलगी एका रात्रीत जे शिकेल, ते तुमच्या बारा तासिकांत व्हायचं नाही.

आणि पैसे. शाल-श्रीफळ ही म्हाताऱ्या कलावंताला फुकटात राबवायची सभ्य रीत आहे, असं माझं स्पष्ट मत. तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा दिवसभर तुमच्याकडे बसला की त्याची रोजी बुडते. तेव्हा मजुरीपेक्षा थोडं जास्तच, रोख, त्याच संध्याकाळी हातात द्या. खात्यावर टाकतो म्हणाल, तर म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा मशीन घेत नाही, आणि तेवढ्या पैशांसाठी बँकेच्या दोन फेऱ्या होतात. हिशेबाला पावती हवी म्हणता? सहीच्या जागी शाईचा अंगठा घ्या, साक्षीला पोरगं उभं करा.

इमारतीचं विचारताच आहात तर ऐका. २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्क्यांमागून धक्के बसले, लोक भर थंडीत तंबूत झोपले. ते ध्यानात ठेवून बांधा. इंजिनिअरला भूकंपाचं स्पष्ट विचारा, डोक्यावर जड काही ठेवू नका, फळ्यांवर ढोलकी-घमेली रचू नका, आणि दोन दारं ठेवा, तीही बाहेर उघडणारी. बसायची पडवी कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली करा. ती हलकी असते, आणि तीच चित्राची भिंतही होते. दरवर्षी सारवावी लागते, म्हणजे दरवर्षी नवी पाटी.

छपराला पत्रा नको. इथला पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही, मग कानाने मंद झालेल्या आजोबांची गोष्ट पोरांना कशी ऐकू जाणार? शिवाय उन्हाळ्यात पत्र्याखाली तारपा टिकत नाही. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, आणि हे सगळं धरून ठेवतं ते मेण. मेण पाघळलं की नळी ढिली होते, हवा निसटते, सूर फाटतो. म्हातारा तारपावाला वाद्य हातात घेतल्यावर आधी अंगठा सांध्यावरून फिरवतो, कुठे भेग दिसली की चिमूटभर मेण चुरून दाबतो, मगच तोंडाला लावतो. पोरांना पहिले आठ दिवस एवढंच करू द्या. फुंक न तोडता वाजवायचं ते पुढचं. हलकं गवती छप्पर घाला, सावलीत खुंट्या मारा, आणि परसात दुधी भोपळ्याचे दोन वेल चढवा.

शौचालय पडवीला लागून, पायरी नसलेलं. गुडघे दुखणारी बाई या एका गोष्टीवरून यायचं की नाही हे ठरवते. नकाशात ते हटकून मागे, चढावर असतं.

जागेसाठी घाई नको. आदिवासीची जमीन अशी कुणाच्या नावावर होत नाही, आणि होऊ नये. पेसा कायद्याचं क्षेत्र आहे, अधिकार ग्रामसभेला आहेत, तिच्यापुढे बसा, ऐका. बहुतेक गावांत समाजमंदिर असतं, सिमेंटच्या गोण्यांनी भरलेलं. त्याची किल्ली मागा, पहिली दोन वर्षं तिथेच निभवा.

तरी काही जण येणार नाहीत. तेव्हा कोसबाडची आठवण ठेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पोरं शाळेत येईनात तर त्यांनी पाड्यावरच्या अंगणात शाळा भरवली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात. तुमच्याकडेही आठवड्यातला एक दिवस केंद्राला कुलूप असावं आणि सगळे एखाद्या पाड्यावर गेलेले असावेत.

एक राहिलं. तलासरीकडे नुसते वारली नाहीत, धोडिया आहेत, कोकणा आहेत, किनाऱ्याला मांगेले. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या सांभाळून थकलेले इराणी-पारशी आजोबाही आहेत, संध्याकाळी त्यांनाही कुठे तरी बसायचं असतंच. त्यांनाही आवतण द्या. प्रत्येकाला त्याच्या बोलीत बोलू द्या, पोरांनी ‘शुद्ध’ मराठी करून लिहिलं तर परत लिहायला लावा. गोष्ट मोबाइलवर घेताना सांगणाऱ्याचं नाव, पाडा, तारीख त्याच्याच आवाजात आधी घ्या. रेकॉर्डिंगची एक प्रत त्याच आठवड्यात त्याच्या नातवाच्या फोनमध्ये टाका, आणि बाहेरच्या कुणी मागितली तर घरच्यांना विचारल्याशिवाय देऊ नका, मग तो विद्यापीठातला असो नाहीतर टीव्हीवाला.