तयार राहण्याचे भाडे : ऑस्ट्रेलियातील बॅटरीचा व्यवहार

व्यापारी व कारागीर बंधूंनो, गुदामात पडून राहिलेल्या मालाला आपण अडकलेले भांडवल म्हणतो. तोच माल विकला नाही तरी, नुसता तयार ठेवल्याबद्दल कोणी पैसे देऊ लागला तर? दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ सालापासून असा व्यवहार चालू आहे. माल आहे वीज आणि गुदाम आहे बॅटरीचे.

विजेचा धंदा कापडासारखा नाही. तागा आज विणला तर सहा महिन्यांनीही विकता येतो. विजेच्या जाळ्यात मात्र जेवढी खपते तेवढीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. हा मेळ बसला की नाही ते वारंवारतेवरून कळते. आपल्याकडे आणि ऑस्ट्रेलियातही ती ५० हर्ट्झ ठेवतात. वीज कमी पडली की आकडा घसरतो, जास्त झाली की चढतो. फारच घसरला तर यंत्रे वाचवण्यासाठी वीजकेंद्रे आपोआप बाजूला होतात, आणि मग सगळीकडे अंधार.

कोळशाच्या केंद्रातील टर्बाइन अनेक टनांचे असते. एक केंद्र अचानक बंद पडले तरी बाकीची अवजड चक्रे आपल्या फिरण्याच्या जोरावर काही सेकंद सांभाळून घेतात. जुने, मोठ्या चाकाचे ऑईल इंजिन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. सौरपट्ट्या आणि नव्या पवनचक्क्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून वीज देतात. त्यांच्याकडून हा आधार आपसूक मिळत नाही.

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे पाडले. विजेला एकामागून एक हिसके बसले. अनेक पवन प्रकल्पांतील यंत्रांमध्ये ठरावीक हिसक्यांनंतर वीज कमी करण्याची सेटिंग होती, त्यामुळे काही सेकंदांतच त्यांची वीज घटली. सगळा भार शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर पडला, तीही तुटली आणि सुमारे साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले. वाऱ्यालाच दोष देणारे पुष्कळ निघाले. माझ्या मते दोष वाऱ्यात नव्हता, न तपासलेल्या सेटिंगमध्ये होता.

मार्च २०१७ मध्ये टेस्लाचे एलॉन मस्क यांनी जाहीर बोली केली : करारापासून शंभर दिवसांत बॅटरी उभी राहिली नाही तर फुकट. जेम्सटाऊन गावाजवळ, हॉर्न्सडेल पवन प्रकल्पाला लागून ती मुदतीत उभी राहिली आणि १ डिसेंबर २०१७ रोजी तिचे उद्घाटन झाले. मालक निओएन ही फ्रेंच कंपनी, खर्च सुमारे ९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. ताकद १०० मेगावॉट, साठा १२९ मेगावॉट-तास. म्हणजे पूर्ण जोराने चालवली तर सव्वा तासाच्या आसपास रिकामी! साऱ्या राज्याला रात्रभर पुरवण्याचे हे साधनच नव्हे.

मग कमाई कशाची? १०० पैकी ७० मेगावॉट सरकारशी झालेल्या कराराने जाळ्याच्या सुरक्षेसाठी राखून ठेवले. उरलेल्या भागात निओएनने आपला व्यापार करावा : वारा भरपूर असताना स्वस्त वीज भरावी, भाव चढला की विकावी. हे तर आपल्याला शिकवायला नको. याशिवाय वारंवारता सावरण्याचा वेगळा बाजार आहे, त्यात तयार राहण्याचेच पैसे मिळतात. १४ डिसेंबर २०१७ रोजी व्हिक्टोरियातील लॉय यांग केंद्राचा ५६० मेगावॉटचा संच बंद पडला. दूरच्या या बॅटरीने सेकंदाच्या अंशात वीज सोडली. सोडली जेमतेम सात मेगावॉट! वर्तमानपत्रांनी मोठा गाजावाजा केला, पण किंमत मापाची नव्हती, वेळेवर पोहोचण्याची होती. ही सेवा देणारा नवा दुकानदार आल्याने भावही उतरले. ऑरेकॉन या सल्लागार कंपनीच्या हिशेबाने २०१९ या एका वर्षात जाळ्याचा सुमारे ११.६ कोटी डॉलर खर्च वाचला.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्याच २०१९ साली, जुलै ते नोव्हेंबर, बॅटरीने जितकी सेवा देऊ म्हणून बोली लावली आणि पैसे घेतले, तितकी देण्याची तिची तयारीच नव्हती. ऑक्टोबरमध्ये क्वीन्सलँडचे कोगन क्रीक केंद्र बंद पडले तेव्हा ही गोष्ट उघडी पडली. नियामक संस्था न्यायालयात गेली आणि २०२२ मध्ये नऊ लाख डॉलरचा दंड झाला. विकलेला माल गिऱ्हाईक उलगडून पाहतो. तयारीचा माल असा की, संकट येईपर्यंत कोणी पाहतच नाही. असे भाडे शेवटी वीजबिलातूनच येते, म्हणून मधूनमधून चाचणी कोण घेतो हा प्रश्न दराइतकाच महत्त्वाचा आहे.

यंत्रमागवाले बंधू मला विचारतात, अशी बॅटरी आली की आमचे व्होल्टेज सुधारेल का? माझ्या मालाचे तागेही असे बिघडले आहेत. माग मध्येच थबकतो, पुन्हा चालू होताना कापडावर आडवी रेघ उमटते आणि गिऱ्हाईक भाव पाडते. पण ते दुखणे बहुधा गल्लीतल्या तारा आणि ट्रान्सफॉर्मरचे असते. शेकडो मैलांवरची बॅटरी त्याला औषध नाही.

हॉर्न्सडेलची बॅटरी २०२० मध्ये १५० मेगावॉटची झाली. जुलै २०२२ मध्ये तिला अवजड चक्राची नक्कल करून जाळ्याला आधार देण्याची मंजुरीही मिळाली. दंडही त्याच वर्षीचा.