पित्त उठलं तर

सूनबाई, अंगावर पित्त उठलं की आपण आमसुलाचं पाणी लावतो. लाव, गारव्यानं खाज निवते. पण ते कातडीपुरतंच. म्हणून हात पोराच्या पाठीवर असला तरी डोळे त्याच्या ओठांवर अन् कान श्वासावर ठेव.

पित्ताच्या गांधी फुगीर, लालसर अन् खाजऱ्या असतात. इथल्या विरतात, तिथं उठतात. एकेक चट्टा बहुधा २४ तासांच्या आत डाग न ठेवता जातो. तोच चट्टा दिवस उलटूनही राहिला, दुखला किंवा काळानिळा डाग ठेवून गेला, तर डॉक्टरांना दाखव. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पोराला वेगळं निजवू नको.

मागच्या दोन-तीन तासांत काय झालं ते आठव. झिंगे, मासोळी, अंडं, शेंगदाणे खाल्ले का? बांधीत गांधीलमाशी चावली का? लहान पोरांना सर्दी-तापातही उठतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळीनं उठलं असेल, तर नाव कागदावर लिही अन् पुढं प्रत्येक डॉक्टरांना आधी ते सांग. कारण सापडलं नाही म्हणून पोराचं खाणंपिणं तोडू नको.

नुसती खाज असेल तर सेटिरिझिनसारखी गोळी पुरते. मात्रा आरोग्य केंद्रात विचारून घे. या गोळीनं झोप येऊ शकते, म्हणून घेतल्यावर कुणाला गाडी चालवू देऊ नको. सहा आठवडे उलटूनही पित्त उठतच राहिलं, तर नीट तपासणी करून घे.

पण ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घरघरला, लागोपाठ ओकाऱ्या झाल्या किंवा चक्कर आली, तर आमसूल खाली ठेव अन् १०८ ला फोन कर. गाडीला उशीर दिसला तर जवळचं आरोग्य केंद्र गाठ, नाहीतर लाखांदूरचं ग्रामीण रुग्णालय. तिथं मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन देतात. त्याचं काम गोळीनं होत नाही. चक्कर असेल तर आडवं निजवून पाय उंच कर, धाप असेल तर टेकून बसव. चालवत नेऊ नको. बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नको. काही तासांनी पुन्हा उसळू शकतं.

एकदा असं झालेल्या माणसाबद्दल घरात, शाळेतल्या मास्तरांना, रोवणीला सोबत असणाऱ्या बायांना सांगून ठेव. वेळेला तू जवळ असशीलच असं नाही.