हात प्लास्टरमध्ये, किल्ली खिशात

कळमेश्वरात कुणाचा हात मोडला की त्याला डॉक्टरांपेक्षा जास्त सल्ले पानठेल्यावर मिळतात. माझ्या उजव्या मनगटाला प्लास्टर चढले तेव्हा मलाही मिळाले. ‘काही नाही होत ना भाऊ, हळूहळू जायचं.’ ‘एका हातानं चालवतात लोकं.’ ‘पोलीस प्लास्टर पाहूनच सोडून देते.’ घर गावात, ड्युटी एमआयडीसीत, अंतर थोडे, मोह होणारच. पण किल्ली फिरवण्याआधी कायदा काय म्हणतो आणि हात काय म्हणतो, हे दोन्ही तपासून पाहायचे ठरवले.

मोटार वाहन कायद्यात ‘प्लास्टर असेल तर गाडी चालवू नये’ असे वाक्य कुठेच नाही. म्हणूनच अनेकांना वाटते की मनाई नाही. पण 1988 च्या या कायद्याचे कलम 186 नीट वाचावे. आपल्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे आपले गाडी चालवणे लोकांना धोकादायक ठरू शकते हे माहीत असूनही जो सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवतो, तो गुन्हा करतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी एक हजार आणि पुन्हा केल्यास दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दंड किरकोळ वाटेल, पण या कलमात ‘माहीत असूनही’ हीच खरी मेख आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘गाडी चालवू नये’ लिहिले असेल, तर आपल्याला माहीत नव्हते असे कोणत्या तोंडाने सांगणार? अपघातात कुणी दगावले तर प्रकरण दंडावर थांबत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पानठेल्यावरच्या मंडळींसाठीही एक कलम आहे. मोटार वाहन कायद्याच्याच 188 व्या कलमानुसार अशा गुन्ह्याला जो चिथावणी देतो, त्यालाही तीच शिक्षा आहे.

आता हाताचे म्हणणे. मोटरसायकलचा ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हाताशी असतात, क्लच डाव्या हाताशी. म्हणजे कोणताही हात गेला तरी गाडी अर्धीच आपल्या ताब्यात राहते. कारमध्ये डावा हात गिअरवर लागतो. तो प्लास्टरमध्ये असेल तर उजवा हात स्टिअरिंग सोडून पलीकडे न्यावा लागतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. काटोल रोडवर समोर ट्रेलर, बाजूने संत्र्याची गाडी आणि आषाढीच्या दिवसांत धापेवाड्याकडे पायी निघालेली माणसे असताना हे अकरा मीटर कुणाच्या अंगावर जातील, याचा विचार करावा. ऑटोमॅटिक गाडीने गिअरचा प्रश्न सुटतो, पण अचानक वळण घ्यायला दोन हात लागतातच. शिवाय ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांनी झापड येते, ती वेगळीच.

तरीही प्लास्टर असताना निदान लोक टोकतात. खरा धोका प्लास्टर निघाल्यानंतर असतो, कारण तेव्हा टोकणारा कुणी उरत नाही. माझे प्लास्टर निघाले, एक्स-रेत हाड जुळलेले दिसले, आणि घरचेसुद्धा ‘आता झालं बरं’ म्हणाले. अंगणात स्टँडवर उभ्या असलेल्या बंद गाडीचा पुढचा ब्रेक जोरात दाबून पाहिला, तर बोटे अर्ध्यातच सुटली. हाड जुळते, पण दीड महिना न हललेले स्नायू आणि आखडलेला सांधा व्यायामाशिवाय परत येत नाहीत. फिजिओथेरपी सुरू होती तोवर मी सहकाऱ्याच्या मागे बसून ड्युटीवर गेलो.

कुणी म्हणेल, हात नसलेल्यांनाही परवाना मिळतोच की! मिळतो. केरळच्या जिलुमोल मॅरियट थॉमस यांना जन्मतः दोन्ही हात नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये त्यांना कारचा परवाना मिळाला. पण त्यांच्यासाठी गाडीत बदल करण्यात आले, पायाने चालवण्याचा सराव झाला आणि मग परीक्षा. आपण मात्र दोन हातांनी चालवून परवाना मिळवतो आणि एका हाताने रस्त्यावर उतरतो. परवान्याच्या अर्जासोबतच्या नमुना 1 मध्ये हातापायाच्या स्नायूंच्या ताकदीत दोष आहे का, असा प्रश्न असतो. अर्ज करताना आपण त्याचे उत्तर दिलेले असते; हात मोडल्यावर तोच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारावा.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. स्लिंग, प्लास्टर किंवा पट्टी असताना गाडी घेऊच नका. प्लास्टर काढताना डॉक्टरांना ‘हात बरा झाला का’ एवढेच न विचारता ‘गाडी कधीपासून चालवू’ हे स्पष्ट विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. ओला टॉवेल घट्ट पिळता येतो का, बंद गाडीचा ब्रेक आणि क्लच न कळवळता पुन्हा पुन्हा दाबता येतो का, मान आणि खांदा वळवून मागे पाहता येते का, हे घरीच तपासा. यातले एक जरी जमत नसेल तर डॉक्टरांनी होकार दिला असला तरी थांबा. तोवर एसटी आहे, ऑटो आहे, शेजारीपाजारी आहेत. आणि हात मोडलेला माणूस तुमच्या घरी आला, तर त्याच्या हातात किल्ली देऊ नका. त्याला घरी सोडून या.